वेगळं नाणं: खोटं की खजिना? चला, चिल्लर वाचायला शिकू

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. बोलतानाचे "म्हणजे" आणि "तर मग" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे चिल्लर. सोन्याच्या मोहरा नाहीत, शिवकालीन होन नाहीत. तुमच्या खिशातला रुपया, दोन रुपये, पाच रुपये, दहाचं नाणं. आणि घरात कुठेतरी डब्यात पडलेले चाराणे, आठाणे, दहा पैसे.

या चिल्लरीबद्दल आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. पहिला: "दहाचं हे नाणं नकली आहे, घेऊ नका. १० रेघांचं खरं, १५ रेघांचं खोटं." दुसरा: "वैष्णोदेवीचं पाचचं नाणं आहे का? लाखो रुपये मिळतील, खालच्या नंबरवर फोन करा." एका मेसेजमुळे खरं नाणं खोटं ठरतं. दुसऱ्यामुळे साधं नाणं खजिना ठरतं. वरवर पाहिलं तर दोन्ही मेसेज एकमेकांच्या उलट आहेत. पण दोन्हींचं मूळ एकच. नाणं नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, आणि ते वेगळं का आहे हे पाहणाऱ्याला माहीत नव्हतं.

तर आज तेच समजून घेऊ. एकाच किमतीचं नाणं इतक्या वेगवेगळ्या रूपांत का असतं? ती रूपं ओळखायची कशी? आणि त्यात इतिहास कुठे लपलाय?

वऱ्हाडातला कलदार आणि पैनगंगेपलीकडचा हाली

नाणं कुठे पाडलं हे नाण्यावरच लिहायची पद्धत नवी नाही. आपलं अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, इथे मुघल काळात टांकसाळ होती. त्या नाण्यांवर फारसीत टांकसाळीचं नाव यायचं. आज आपण "मेड इन अमुक" वाचतो, तसंच समजा. पैसा कुठला आहे त्यावर त्याचा भरवसा ठरायचा. अनोळखी टांकसाळीचं नाणं असेल तर सराफ ते घासून, वाजवून, तोलून बघायचा आणि वर बट्टा कापायचा.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कागदावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारानंतर तर ते कायमच्या भाडेपट्ट्यावर गेलं. त्यामुळे नाण्यांच्या बाबतीत एक गंमत झाली. वऱ्हाडात इंग्रजांचा रुपया चालायचा, ज्याला आपली म्हातारी माणसं "कलदार" म्हणायची. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठाला बारीक दाते असलेला रुपया तो कलदार. आणि पैनगंगा ओलांडून परभणी, नांदेडकडे गेलं की निजामाचा "हाली सिक्का" सुरू. त्याचा भाव वेगळा. साधारण सहा कलदार रुपये बरोबर सात हाली रुपये.

म्हणजे विचार करा. नदीच्या अल्याड एक रुपया, पल्याड दुसरा. पाहुणे दोन्हीकडे, सोयरीक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. व्यवहार करणाऱ्या माणसाला नाणं ओळखता येणं हा छंद नव्हता, गरज होती. म्हणून आजही आपल्याकडच्या एखाद्या जुन्या डब्यात राणी व्हिक्टोरियाचा पाव आणा आणि चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा रुपया शेजारी शेजारी सापडला, तर आश्चर्य वाटायला नको. तो डबा वऱ्हाडाचा नकाशाच आहे.

भोक कशाला पाडलं?

आता थोडं पुढे येऊ. जुना हिशोब सगळ्यांनी ऐकलाय, पण एकदा उजळणी. एका रुपयाचे १६ आणे. एका आण्याचे ४ पैसे. एका पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली.

यातल्या पैशाचं, म्हणजे पाव आण्याचं नाणं बघा. आधी ते तांब्याचं होतं. १९०६ पासून कांस्याचं झालं. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, त्याच्या मधोमध चक्क मोठं भोक आलं. हाच तो भोकाचा पैसा. १९४७ पर्यंत तो निघत राहिला. कारण सरळ आहे. युद्धाला धातू लागत होता. नाण्यातला मधला भाग काढला की धातू वाचतो. त्याच काळात चांदीच्या नाण्यांतली चांदीही निम्म्यावर आली. १९४० च्या आधी रुपयात साधारण ९२ टक्के चांदी होती, ती ५० टक्क्यांवर आणली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा.

इथे आजच्या भागातला पहिला नियम सापडतो. नाण्याचं रूप बदलतं तेव्हा बहुतेक वेळा कारण धातूत असतं. नाण्यावर छापलेली किंमत एक, आणि त्यातल्या धातूची बाजारातली किंमत दुसरी. धातू जास्त महाग झाला की लोक नाणं खर्च करण्याऐवजी वितळवतात. मग सरकार नाणं हलकं करतं, किंवा धातू बदलतं. हा पकडापकडीचा खेळ गेली शंभर वर्षं चालू आहे, आणि त्याचा प्रत्येक डाव तुमच्या चिल्लरीत नोंदलेला आहे.

"नया पैसा" आणि "न्यू पेनी"

१ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० भाग. जुना पैसा रुपयाचा ६४ वा भाग, नवा पैसा १०० वा. दोन्ही काही वर्षं एकत्र चालणार होते, मग गोंधळ नको म्हणून नव्याचं नावच "नया पैसा" ठेवलं. नाण्यावर देवनागरीत लिहिलं होतं, "रुपये का सौवाँ भाग". म्हणजे नाणंच तुम्हाला हिशोब समजावून सांगत होतं! कारण हिशोब खरंच अडचणीचा होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तो पाव पैसा देणार कोण आणि सोडणार कोण?

१ जून १९६४ ला "नया" शब्द गेला, उरला फक्त "पैसा". म्हणून नाण्यावर "नये पैसे" दिसलं की ते त्या तारखेआधीचं, आणि नुसतं "पैसे" दिसलं की नंतरच्या मालिकेतलं. ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

गंमत म्हणजे ज्या ब्रिटनकडून आपण आणे-पै घेतले असं आपल्याला वाटतं, ते आपल्यापेक्षा १४ वर्षं उशिरा दशमान झाले. १५ फेब्रुवारी १९७१. त्यांनीही तीच युक्ती केली. नाण्यावर "न्यू पेनी", "न्यू पेन्स" असं छापलं. १९८२ मध्ये त्यांनी "न्यू" काढून टाकलं. पण १९८३ च्या दोन पेन्सच्या काही नाण्यांवर चुकून जुनाच ठसा वापरला गेला आणि "न्यू पेन्स" राहून गेलं. ती नाणी आता तिकडचे संग्राहक शोधत असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन रिलीजमध्ये जुनी फाईल गेली.

ब्रिटनमध्ये चिल्लर गोळा करणं हा मोठा छंद आहे. २००८ मध्ये तिथल्या २० पेन्सच्या नाण्याचं डिझाईन बदललं. तारीख आधी एका बाजूला होती, ती दुसऱ्या बाजूला नेली. टांकसाळीत काही नाण्यांना एका बाजूला जुना ठसा आणि दुसऱ्या बाजूला नवा ठसा लागला. परिणाम असा की दोन्ही बाजूंना तारीखच नाही. दिसायला फरक जरासा, पण नाणं वेगळं. तसंच त्यांच्या पेनीचं. १९९२ पासून कांस्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आलं. रंग तोच, आकार तोच. फरक कळतो लोहचुंबकाने. नवी पेनी चिकटते, जुनी चिकटत नाही.

आपल्याकडेही अगदी असंच आहे. १ नया पैसा आधी कांस्याचा होता, लालसर. १९६२ मध्ये निकेल-ब्रासचा आला, पिवळसर. त्या एकाच वर्षाची दोन्ही रंगांची नाणी मिळतात. मग १९६५ पासून एक पैसा अ‍ॅल्युमिनियमचा, चौकोनी, गोल कोपऱ्यांचा, वजन पाऊण ग्रॅम. फुंकर मारली तर उडेल असा. दोन पैसे कंगोऱ्यांचे, तीन पैसे षटकोनी, पाच पैसे चौकोनी. हे आकार हौसेने दिलेले नव्हते. न वाचता, नुसत्या बोटांनी नाणं कळावं म्हणून दिलेले होते.

आणि वऱ्हाडात तर आणे-पैसे शेतातही आहेत. पिकाचा अंदाज सांगायला आधी "आणेवारी" होती. सोळा आण्यांपैकी पीक किती आणे. पुढे सरकारी कागदावर ती "पैसेवारी" झाली, शंभर पैशांपैकी किती पैसे. ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू. पण आजही गावात विचारा, लोक आणेवारीच म्हणतात. नाणं बाजारातून गेलं, पण शेतकऱ्याच्या हिशोबातून गेलं नाही.

तारखेखालची शंकरपाळी

आता मोबाईल हातात घ्या, कॅमेरा सुरू करा आणि एखाद्या नाण्यावरच्या सालावर झूम करा. सालाच्या खाली काय दिसतं?

छोटी शंकरपाळी, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. नुसतं टिंब असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी मधून चिरलेली शंकरपाळी किंवा पोटात टिंब असलेली शंकरपाळी दिसते. भारतात या चारच सरकारी टांकसाळी नाणी पाडतात. यातली हैदराबादची मूळ निजामाची. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या वेळी जो हाली सिक्का नदीपलीकडचा होता, त्याच परंपरेतली टांकसाळ आज चांदणीची खूण घेऊन आपल्या खिशात येते.

पण कधीकधी या चारपैकी कुठलीच खूण जुळत नाही. १९८५ चा एक रुपया सापडला तर नीट बघा. काहींवर सालाखाली रोमन एच अक्षर आहे. ते नाणं ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमला पाडलेलं. काहींवर शंकरपाळी आहे, पण सालाच्या मधोमध नाही, पहिल्या आकड्याच्या खाली. ते वेल्समधल्या लॅन्ट्रिसन्टचं, म्हणजे खुद्द ब्रिटनच्या रॉयल मिंटचं. त्याच वर्षी काही पन्नास पैसे दक्षिण कोरियात, काही पंचवीस पैसे कॅनडात पाडले गेले. कॅनडाच्या नाण्यावर रोमन सी.

असं का? कारण तेव्हा देशात चिल्लरीचा प्रचंड तुटवडा होता. आपल्या टांकसाळी पुऱ्या पडत नव्हत्या. १९८८ मध्ये नोएडाची टांकसाळ सुरू झाली ती याच काळात. तरीही १९९० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा बाहेरून नाणी मागवावी लागली. १९९७ च्या काही रुपयांवर मेक्सिकोची खूण आहे, रोमन एम आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ओ. काही नाण्यांवर एमके आहे, ते स्लोव्हाकियातलं क्रेमनित्सा. १९९९-२००० च्या काही पाच रुपयांवर एमएमडी आहे, ते मॉस्को. "सुटे नाहीत, चॉकलेट घ्या" हे वाक्य ज्यांनी दुकानात ऐकलंय, त्यांच्या त्या चॉकलेटचा संबंध थेट मॉस्कोपर्यंत जातो.

रुपया किती ग्रॅमचा?

हा भाग माझा आवडता, कारण इथे नुसते आकडे बोलतात. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे बरोबर एक तोळा. सराफ्यात जुना तोळा म्हणतात तो हाच. १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅम. १९७५ पासून तांबं-निकेल, ८ ग्रॅम. १९८३ पासून ६ ग्रॅम. १९९२ पासून स्टीलचा, ४.८५ ग्रॅम. २०११ पासून ३.७९ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅम.

सलग सहा वेळा घसरण. नाव तेच, रुपया. महागाईवर पुस्तकं लिहिली जातात, पण हे सात रुपये ओळीने टेबलावर मांडले तर लहान पोरालाही कळेल काय झालं ते.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. १९९२ च्या मालिकेतला एक रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतले दोन रुपये? तेही २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम! म्हणजे जुना एक आणि नवे दोन, हाताला अगदी सारखे. भाजीवाल्या मावशी सुटे देताना दोनदा उलटून बघतात ते उगाच नाही. आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी तर आकार हीच किंमत. २०१९ ची मालिका आणताना दृष्टिहीनांना ओळखता यावं हा विचार पुढे ठेवला गेला. २० रुपयांचं नाणं १२ बाजूंचं आहे, ते त्यातलंच.

धातूचं गणित अजून संपलेलं नाही. २००७ च्या सुमारास बातम्या होत्या की आपली नाणी चोरून बांगलादेशात नेतात आणि वितळवून दाढीच्या ब्लेड बनवतात. ब्लेडची किंमत नाण्यापेक्षा जास्त, मग काय! त्याच सुमारास पाच रुपयांचं नाणंही बदललं. आधीचं तांबं-निकेलचं जाड, वजनदार ९ ग्रॅमचं. २००७-०८ ला ते स्टीलचं झालं, आणि २००९ पासून पिवळं निकेल-ब्रासचं. चुंबक लावून बघा, तिन्हींतलं फक्त स्टीलचं चिकटेल. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवणं गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

रेघांचं भांडण आणि हत्तीचं डुक्कर

आता येऊ दहाच्या नाण्याकडे. दोन धातूंचं हे नाणं २००९ मध्ये लोकांच्या हातात आलं. १५ जुलै २०१० ला रुपयाचं नवीन चिन्ह, ₹, सरकारने स्वीकारलं. २०११ पासून ते नाण्यांवर आलं. मग साहजिक आहे, आधीच्या दहाच्या नाण्यावर चिन्ह नाही, नंतरच्यावर आहे. आधीच्या एका डिझाईनमध्ये १५ रेघा, चिन्ह आलेल्या डिझाईनमध्ये १०. दोन्ही सरकारी टांकसाळीतलीच नाणी. पण कुणीतरी दोन फोटो शेजारी ठेवले, एकावर हिरवी खूण, एकावर लाल फुली, आणि झाला मेसेज तयार.

नोटाबंदीच्या धामधुमीत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चिन्ह असलेली आणि नसलेली दोन्ही नाणी चालतात. १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा सांगावं लागलं की दहाची तोपर्यंत निघालेली १४ डिझाईन्स आहेत आणि सगळी वैध आहेत. तरी "हे नाही चालत भाऊ, दुसरं द्या" हे वाक्य काही थांबलं नाही. नुकसान कोणाचं होतं? ज्याच्या गल्ल्यात दिवसभराची कमाई दहाच्या नाण्यांत जमते त्याचं. ऑटोवाले, चहावाले, बसमधला प्रवासी. त्याचा पैसा खरा असून अडकतो.

ही गोष्ट पहिल्यांदा घडली असं नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्जचं नाणं निघालं. राजाच्या अंगरख्यावर साखळीत एक छोटासा हत्ती होता. पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले, आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवून नवा ठसा केला. २००५-०६ च्या दोन रुपयांवर चार रेघा एकमेकींना छेदत होत्या. सरकारी म्हणणं होतं, विविधतेत एकता. काहींना तो ख्रिश्चन क्रॉस वाटला, वाद झाला, आणि २००७ मध्ये नृत्यमुद्रेतला हात आला. नाणं हे बहुतेक एकमेव सरकारी कागदपत्र आहे जे निरक्षर माणूसही रोज हातात घेऊन निरखतो. म्हणून त्यावरची रेघ न् रेघ लोक वाचतात. प्रश्न फक्त बरोबर वाचतात की नाही एवढाच.

लाखाचं नाणं

आता दुसरा मेसेज. वैष्णोदेवीचं पाच आणि दहाचं नाणं २०१२ चं आहे. श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून काढलेलं. ते चलनात आलं, आजही सुट्यांमध्ये मिळतं. सुट्यांमध्ये मिळणाऱ्या नाण्यासाठी कुणी लाख रुपये का देईल? तसंच १९६८ पासूनच्या कमळाच्या वीस पैशांबद्दल सांगतात की त्यात सोनं आहे. नाही. ते निकेल-ब्रास आहे. पिवळं दिसतं एवढंच.

जुन्या नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. ते किती कमी उरलंय, त्याची अवस्था कशी आहे, आणि ते हवं असलेले लोक किती आहेत. वय एकटं काही ठरवत नाही. राणी व्हिक्टोरियाचा झिजलेला पाव आणा दीडशे वर्षं जुना असूनही स्वस्तात मिळतो, कारण तो ढिगाने पाडलेला होता. आणि ऑनलाईन दिसणारी किंमत म्हणजे बहुतेकदा मागितलेली किंमत. मागितलेली वेगळी, मिळालेली वेगळी. मीही माझ्या सायकलचे दहा लाख मागू शकतो.

फसवणूक कशी चालते तेही ऐका. तुम्ही फोटो पाठवता. समोरचा लगेच म्हणतो, "अभिनंदन, तुमच्या नाण्याचे अमुक लाख." मग नोंदणी शुल्क. मग कर. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, शिक्का असलेलं पत्र. प्रत्येक पायरीला यूपीआयने थोडे पैसे. शेवटी नंबर बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, आणि असं शुल्क किंवा कमिशन कधीच मागत नाही. घरात कुणाला असा फोन आला असेल आणि पैसे गेले असतील, तर लाज बाळगू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

डबा उघडल्यावर

संग्रह सुरू करायला पैसे लागत नाहीत. चार गोष्टी बघायच्या: साल, सालाखालची खूण, धातू, आणि वजन-आकार. धातूसाठी फ्रिजवरचं चुंबक पुरतं. स्टील आणि निकेल चिकटतात. तांबं-निकेल, ब्रास आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाहीत. वजनासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. बाकी मोबाईलचा कॅमेरा.

जुनं नाणं घासू नका. चिंच-मीठ नको, पितांबरी नको. चकाकी येईल, पण वरचा मूळ थर जाईल आणि त्यासोबत संग्राहकाला असलेली किंमतही. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, वर पेन्सिलने साल आणि टांकसाळ लिहा. शेतात नांगरताना जुनी नाणी सापडली तर तो विषय वेगळा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

व्यवहाराचं तेवढं लक्षात ठेवा. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती आता फक्त आठवण किंवा संग्रह. ५० पैसे मात्र कायद्याने आजही चालतात. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात. आणि बँकेच्या शाखेने नाणी नाकारायची नाहीत, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट आदेश आहेत.

या आठवड्यात एक काम करा. घरातली कुठलीही वीस नाणी घ्या आणि साल, खूण वाचा. शंकरपाळ्या किती, चांदण्या किती, टिंबं किती आणि कोरी किती, ते आम्हाला लिहून पाठवा. अमरावतीचा डबा आणि अकोल्याचा डबा यांची तुलना पुढच्या भागात करू. आणि पुढच्या वेळी कुणी दहाचं नाणं परत केलं, तर भांडू नका. सालाखालची खूण दाखवा, रेघांची गोष्ट सांगा. दोन मिनिटं लागतात.

भाग आवडला असेल तर घरातल्या त्या एका माणसाला नक्की पाठवा, जो "लाखाचं नाणं" शोधतोय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, चिल्लर जपा!